डोल जाळे

डोल जाळे : महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावरील मच्छीमारांचे पारंपरिक स्थिर जाळे. ते लांब नरसाळ्याच्या आकाराचे असून समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहासमोर तोंड करून उभे केले जाते. इतर बहुतेक जाळी माशांच्या मागे न्यावी लागतात. डोल मात्र एका जागी राहते आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच मासे त्यात आणून सोडतो. बंगालमधील बेहुंदी जाळे व केरळमधील ऊन्निवला याच जातीची, परंतु खुल्या समुद्रात इतक्या मोठ्या प्रमाणावर स्थिर जाळी डहाणूपासून मुंबईपर्यंत आणि सौराष्ट्रात जाफराबादच्या परिसरातच आढळतात.

याचे कारण भौगोलिक आहे. येथे भूखंडमंच फार रुंद, तळ चिखलाचा व प्रवाह वेगवान आहे. मुंबईजवळ उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील अंतर ४ मी.पेक्षाही अधिक होते. दक्षिण कोकणात ते कमी होत जाते. तेथे खाड्यांतून लावली जाणारी बोक्षीसारखी लहान जाळी दिसतात.

डोलीच्या तोंडाकडील आस (छिद्रे) मोठे असून टोकाकडे ते बारीक होत जातात. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणात, जाळे लावतात. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असल्याने काम बहुधा थांबते. पाणी स्थिरावण्यापूर्वी होडी खुंटाशी पोहोचावी लागते. प्रवाह उलटला, तर जाळ्यातील मासे तोंडावाटे निघून जातात. म्हणून टोक वर ओढून त्याची गाठ सोडतात व मासे होडीत रिकामे करतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने कोळ्यांचा दिवस घड्याळाने नव्हे, तर चंद्राने ठरतो.

बोंबील हे डोलीचे मुख्य उत्पादन. याखेरीज जवळा, करंदी, मांदेली व वाकट्या मिळतात. बोंबलाच्या शरीरात ८५ ते ९० टक्के पाणी असल्याने तो लवकर नासतो. त्यामुळे बांबूंच्या वलांडीवर टांगून तो वाळविण्याची पद्धत रूढ झाली. वर्सोवा, मढ, उत्तन, अर्नाळा, सातपाटी येथील वलांड्या हे या मासेमारीचेच दुसरे अंग होय. सुका बोंबील व जवळा घाट ओलांडून देशावर, खानदेशात आणि बुलढाण्यासारख्या समुद्रापासून दूरच्या वऱ्हाडी जिल्ह्यांतील आठवडी बाजारांपर्यंत जातो.

जाळे फिरत नसल्याने त्याची जागा हीच खरी मालमत्ता ठरते. खुंटांच्या रांगेला कव म्हणतात. कोणत्या गावाची कव कोठे व तीत कोणत्या घराण्याचा खुंट कितवा, हे रूढीने ठरलेले असे आणि हा हक्क वारसाने पुढे जाई. तंटे गावाची जमात मिटवी. वाहत्या पाण्यात अशी वारसाहक्काची व्यवस्था उभी राहावी आणि ती लिखित दस्तऐवजांवाचून पिढ्यान्‌पिढ्या टिकावी, ही कोळी समाजाच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे. तिची दखल मात्र फारशी घेतली गेलेली नाही. मुंबई बंदराच्या जुन्या सागरी नकाशांवर हे खुंट दर्शविलेले आहेत, पण ते जहाजांना होणारा अडथळा म्हणून.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांत्रिक नौका आल्या आणि सुताच्या व तागाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. सुताची जाळी झाडांच्या सालींच्या काढ्यात वारंवार बुडवावी लागत. ते कष्ट संपले. खोल पाण्यात पाण्याबाहेर डोकावणाऱ्या उंच खुंटाऐवजी तळात गाडलेली मेख, दोर व तरंगती पिंपे वापरात आली. कवी किनाऱ्यापासून दूर सरकल्या, तशा त्या एकमेकींच्या हद्दींत शिरू लागल्या. वसई-उत्तन आणि पालघर-डहाणू या पट्ट्यांतील मच्छीमारांमध्ये यावरून अनेक दशके वाद चालत राहिला. ट्रॉलरने दोर तुटणे व जाळी फाटणे या तक्रारीही नित्याच्या झाल्या. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे खनिज तेल सापडल्यानंतर सर्वेक्षणाची जहाजेही याच समुद्रात आली.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये नौकांची नोंदणी, परवाने व जाळ्यांचे नियम ठरले. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. टोकाकडील बारीक आसांमुळे माशांची पिलेही मोठ्या संख्येने अडकतात, हा शास्त्रज्ञांचा आक्षेप रास्त आहे. मात्र आस मोठे केले, तर जवळा हाती लागत नाही, हे कोळ्यांचे म्हणणेही खोटे नाही. खुंटाच्या जागेचा हक्क मात्र आजही मुख्यतः रूढीवरच उभा आहे. डहाणूनजीक वाढवण येथील बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा तेथील मच्छीमारांनी केलेल्या विरोधात मासेमारीच्या परंपरागत क्षेत्राचा प्रश्न अग्रभागी होता.