कारागृहातील शिक्षण व व्यवसाय-प्रशिक्षण
शिक्षा भोगत असलेल्या बंद्यांना अक्षरज्ञान व उपजीविकेचे कौशल्य देऊन सुटकेनंतरच्या जीवनासाठी सिद्ध करण्याची व्यवस्था. भारतात ही कल्पना उशिरा रुजली. मेकॉले सदस्य असलेल्या तुरुंगशिस्त समितीने १८३८ च्या अहवालात कठोर व नीरस श्रमांवर भर दिला. नैतिक शिक्षण, सद्वर्तनाबद्दल बक्षीस यांसारख्या सुधारणेच्या मार्गांना तिने थारा दिला नाही. कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९१९-२०) मात्र बंद्याची सुधारणा हेही कारागृहाचे उद्दिष्ट मानले.

विणकाम, सुतारकाम इ. उद्योग कारागृहांत दीर्घकाळ चालत आले आहेत. परंतु उत्पादन आणि प्रशिक्षण या दोन भिन्न गोष्टी होत. तुरुंगाची गरज भागविणारे काम बंद्याला त्याच्या गावी उपयोगी पडेलच असे नाही. यवतमाळ जिल्ह्यातील राजूर या कोळशाच्या खाणीसाठी परिचित असलेल्या गावी परतणाऱ्या माणसाला सतरंजी विणण्याच्या कौशल्यापेक्षा यंत्रदुरुस्तीचे वा वीजजोडणीचे ज्ञान अधिक आधार देईल, हे उघड आहे.

या दृष्टीने औंध संस्थानातील प्रयोग लक्षणीय ठरतो. अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकीर्दीत, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने, १९३९ मध्ये आटपाडीनजीक (सध्याचा सांगली जिल्हा) स्वतंत्रपूर ही बंद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना तेथे भिंतींविना ठेवून शेती करू दिली जाई; कुटुंबालाही सोबत राहता येई. ज्या शेतीतून बंदी आला, त्याच शेतीत तो जबाबदारीने राबू लागला. त्यामुळे शिक्षण आणि जीवन यांत अंतर उरले नाही. व्ही. शांताराम यांच्या दो आँखें बारह हाथ (१९५७) या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती. चित्रपटाचे कथालेखक ग. दि. माडगूळकर हे मूळचे त्याच परिसरातील. संस्थान विलीन झाल्यानंतरही वसाहत चालू राहिली. राज्यात पैठण, मोर्शी इ. ठिकाणीही खुली कारागृहे आहेत.

औपचारिक शिक्षणाची सोय इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांच्या कारागृहांतील अभ्यासकेंद्रांमुळे वाढली. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या बंद्याला शिक्षेत माफी मिळू शकते. श्रमाच्या मोबदल्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये न्याय्य वेतनाचे तत्त्व मान्य केले व त्यातील काही भाग गुन्ह्याची झळ पोचलेल्यांसाठी राखण्याचे सुचविले.

तथापि या सोयींची आखणी मुख्यतः सिद्धदोष बंद्यांसाठी झालेली आहे. २०२२ अखेर देशातील बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते. त्यांच्यावर श्रमाची सक्ती नसते आणि सुटकेचा दिवसही निश्चित नसतो. त्यामुळे वर्षभराचा अभ्यासक्रम आखणे अवघड होते व जामीन मिळताच तो मध्येच सुटतो. अल्प मुदतीचे आणि बाहेर पुढे चालू ठेवता येतील असे पाठ्यक्रम त्यांच्यासाठी अधिक उपयुक्त आहेत.