शाळेच्या आधीची शाळा

वाचकहो, मूल पहिलीत येते तेव्हा ते सहा वर्षांचे झालेले असते, आणि त्याच्या शिक्षणाची बिस्मिल्ला आपल्याच हातून होत आहे अशी आम्हां शिक्षकांची समजूत असते. बी. एड. च्या पुस्तकांनी माझी ती समजूत पक्की केली होती. पुढे या विषयावरचे जे हाती लागले ते वाचत गेलो, आणि ती डळमळली. आईबाप मुलाला घेऊन शाळेत येण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी त्यांच्या घरी जायला हवे, हा विचार तसा जुना. परंतु तो मोजमाप करून पारखला गेला, त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून खेडोपाडीच्या जन्ममृत्यूंची काटेकोर नोंद ठेवली. दर हजार नवजात बालकांपैकी सुमारे ६२ बालके महिन्याच्या आतच दगावत होती. बाळंतपण घरी, दवाखाना दूर. तेथे पोचणार कोण? त्याच गावची बाई. ३९ गावांतून थोडेफार शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांना शिकविण्यात आले. घरी जाऊन बाळाचे वजन करायचे, त्याला उबेत ठेवायचे, अंगावर पाजण्यातील अडचण सोडवायची, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करायचा, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच इंजेक्शनही द्यायचे. आजूबाजूची ४७ गावे तुलनेसाठी होती. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई देण्याचे धाडस त्या काळी लहान नव्हते! तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ही हकीकत छापली. २०११ मध्ये देशभरच्या आशाताईंवर हेच काम सोपविण्यात आले: दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. २०१८ मध्ये पंधराव्या महिन्यापर्यंतच्या आणखी पाच भेटींची त्यांत भर पडली.

आपल्या शहराचाही या इतिहासात वाटा आहे. जिल्ह्यातील भादली गावच्या बालमृत्यूंची बातमी गाजल्यानंतर विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये मराठवाड्यात कुपोषणाविरुद्ध मोहीम सुरू झाली. प्रत्येक बालकाचे वजन झालेच पाहिजे, हा तिचा आग्रह. (न तपासलेल्या वहीत सारेच विद्यार्थी हुशार असतात, हे आम्हां मास्तरांना ठाऊक आहे.) त्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन उभे राहिले, तेही येथेच, तेव्हाच्या औरंगाबादेत. पुढील सात वर्षांत राज्यातील दोन वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण तिघांत एकाहून अधिक होते, ते चौघांत एकाच्या आसपास आले. याचे सारे श्रेय एकट्या मिशनला देता येणार नाही.

पण वाचकहो, जगणे आणि वाढणे याच्यापुढे शिकणे आहे. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १२९ खुज्या बालकांवर प्रयोग सुरू केला. काही घरांत आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात, घरच्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवीत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तो भेटी मिळालेल्यांची कमाई, न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक! नुसत्या पौष्टिक आहाराने हे साधले नव्हते, बोलण्याने साधले.

आपल्या जिल्ह्यात व यवतमाळात २०१८ च्या सुमारास याच धर्तीवर 'आरंभ' हा उपक्रम सुरू झाला. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व युनिसेफ यांच्या साहाय्याने अंगणवाडीताईंना पालकांशी कसे बोलावे हे शिकविण्यात आले.

माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती, तेव्हा एक ताई घरी आल्या. मराठी तक्ता उलगडून त्या समजावू लागल्या. बहीण मान हलवीत राहिली. अम्मीने दक्खनीत विचारले, "बच्चा तो अब्बी बोलताच नहीं, उससे क्या बोलना?" मी मध्ये बसून दुभाषा झालो. ताई हसल्या आणि त्यांनी तक्ता बाजूला ठेवून बाळाला मांडीवर घेतले. पुढच्या खेपेस त्या आल्या, तेव्हा अम्मी बाळाशी गप्पा मारीत बसली होती, आणि तेही हूं हूं करून उत्तर देत होते.