समोर नसलेल्या श्रोत्यांसाठी: लिंकन यांचे ४ मार्च १८६१ चे भाषण

१/ ४ मार्च १८६१. वॉशिंग्टनमधील संसद भवनाचा नवा घुमट अजून अर्धवट आहे. आसपासच्या छपरांवर नेमबाज सैनिक दबा धरून बसले आहेत. अब्राहम लिंकन अमेरिकेचे १६वे अध्यक्ष म्हणून शपथ घेण्यासाठी मंचावर आले आहेत; पण देश त्यांच्या हाती येण्यापूर्वीच दुभंगला आहे. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी कोणाला, काय आणि कसे पटवण्याचा प्रयत्न केला, त्याचा हा धागा.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. नोव्हेंबर १८६० च्या चौरंगी निवडणुकीत लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर विजयी झाले. गुलामगिरीचा नव्या प्रदेशांत विस्तार होऊ नये, ही त्यांच्या रिपब्लिकन पक्षाची भूमिका. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडले. पाठोपाठ आणखी सहा राज्ये गेली. १८ फेब्रुवारीला जेफर्सन डेव्हिस यांनी फुटीर राज्यांचे अध्यक्ष म्हणून शपथही घेतली.

३/ मग लिंकन यांचे खरे श्रोते कोण? समोरचा जमाव नव्हे. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या १५ राज्यांपैकी सात गेली होती, आठ अजून तळ्यात-मळ्यात होती. त्यांत व्हर्जिनिया आणि मेरीलँड होती, आणि राजधानी या दोहोंच्या मधोमध. ती दोन्ही गेली असती, तर वॉशिंग्टन शत्रूच्या मुलखात अडकले असते. भाषणातील प्रत्येक वाक्य या काठावरच्या लोकांकडे पाहून तोललेले आहे.

४/ पहिले आवाहन भीती घालवण्याचे. दक्षिणेत अफवा होती की नवा अध्यक्ष गुलामगिरीवर घाला घालणार. लिंकन यांनी नवे वचन दिले नाही. आपल्याच जुन्या भाषणातील उतारा वाचून दाखवला. जेथे गुलामगिरी अस्तित्वात आहे तेथे हस्तक्षेप करण्याचा माझा हेतू नाही आणि तसा अधिकारही नाही, हा त्याचा आशय. निवडणुकीपूर्वीही मी हेच बोलत होतो, हे दाखवल्याने शब्दाला वजन येते. वकिलाने स्वतःलाच साक्षीदार म्हणून उभे करावे, तसा हा डाव.

५/ ते त्याहूनही पुढे गेले. पळून गेलेल्या गुलामांना मालकाच्या स्वाधीन करण्याविषयीचे राज्यघटनेतील कलम त्यांनी मंचावरून वाचले आणि ते बंधनकारक असल्याचे मान्य केले. मात्र त्यालाच जोडून एक प्रश्न ठेवला: त्या कायद्याच्या आधारे स्वतंत्र माणूस गुलाम म्हणून पकडला जाऊ नये, यासाठी संरक्षक तरतुदी असू नयेत काय? सवलत दिली, आणि तिच्या पोटात एक सूक्ष्म अटही ठेवली.

६/ दुसरा युक्तिवाद इतिहासाचा. संघराज्य राज्यघटनेने जन्माला घातले नाही, ते तिच्याहून जुने आहे, असे लिंकन म्हणाले. १७७४ चा वसाहतींचा करार, १७७६ ची स्वातंत्र्याची घोषणा, १७७८ चा महासंघाचा करारनामा आणि मग १७८७ ची राज्यघटना, अशी ती साखळी. राज्यघटना संघ ‘अधिक परिपूर्ण’ करण्यासाठी झाली. मग एखादे राज्य मनाला येईल तेव्हा तो मोडू शकत असेल, तर तो पूर्वीपेक्षा अपूर्णच ठरला!

७/ तिसरा युक्तिवाद करारशास्त्राचा. घटकाभर मानू की संघराज्य हा केवळ राज्याराज्यांमधील करार आहे. तरीही एका पक्षाच्या इच्छेने करार भंग होतो, रद्द होत नाही; रद्द करायला सर्वांची संमती लागते. येथे लिंकन विरोधकाचेच गृहीतक उचलतात आणि त्यावरूनच त्याचा दावा पाडतात. वादविवादातील ही जुनी आणि अत्यंत परिणामकारक पद्धत आहे.

८/ चौथा युक्तिवाद परिणामांचा. अल्पमतातील गट बहुमत मान्य न करता फुटून निघाला, तर उद्या त्याच्यातील अल्पमतानेही तेच का करू नये? या मार्गाच्या शेवटी अराजक किंवा हुकूमशाही, तिसरे काही नाही. मग घरगुती उपमा येते: पती-पत्नी विभक्त होऊन एकमेकांच्या नजरेआड जाऊ शकतात, पण देशाचे दोन भाग समोरासमोरच राहणार. वेगळे झाल्यावर होणारे तह मित्रांमधील कायद्यांहून सोपे कसे असतील?

९/ आता मसुद्यातील एक बदल पाहा. फुटीर राज्यांनी केंद्राचे किल्ले आणि इतर मालमत्ता बळकावली होती. मूळ मसुद्यात ती ‘परत घेण्याची’ भाषा होती. ऑर्व्हिल ब्राउनिंग या मित्राने सुचवले की हे धमकीसारखे वाटेल. लिंकन यांनी ते शब्द काढले आणि सरकारची मालमत्ता ‘ताब्यात ठेवण्याची’ भाषा केली. हक्क तोच राहिला. पण पहिले पाऊल कोण उचलणार, याची जबाबदारी पलीकडे गेली.

१०/ शेवटाकडे हाच धागा उघड होतो. नाराज देशबांधवांना थेट संबोधून ते सांगतात की यादवीचा निर्णय माझ्या नव्हे, तुमच्या हाती आहे. तुम्ही चाल करून आल्याखेरीज संघर्ष होणार नाही. सरकार उलथवण्याची शपथ तुम्ही घेतलेली नाही, मी मात्र त्याच्या रक्षणाची शपथ घेणार आहे. त्या दिवशी भाषण आधी आणि शपथ नंतर होती, त्यामुळे हे वाक्य अधिकच धारदार झाले.

११/ मूळ मसुदा येथेच, शांतता की तलवार अशा प्रश्नावर संपत होता. भावी परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड यांनी तो शेवट बदलण्याचा आग्रह धरला आणि पर्यायी परिच्छेद लिहून दिला. त्यात राष्ट्राच्या रक्षक देवदूताचा उल्लेख होता. लिंकन यांनी कल्पना घेतली आणि देवदूत आकाशातून उतरवून माणसाच्या स्वभावात आणून बसवला. बाहेरून कोणी वाचवणार नाही. तुमच्यातील चांगुलपणाच हे करू शकेल. आव्हानाच्या जागी आर्जव आले.

१२/ परिणाम काय झाला? गेलेली सात राज्ये परतली नाहीत. ३९ दिवसांनी, १२ एप्रिलला, फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या. पण पहिली तोफ दक्षिणेची होती, आणि जबाबदारी कोणाची हे भाषणाने आधीच सांगून ठेवले होते. लिंकन यांनी सैन्यभरती पुकारल्यावर व्हर्जिनियासह आणखी चार राज्ये गेली. मेरीलँड, केंटकी, मिसूरी आणि डेलावेअर संघात राहिली.

१३/ तथापि, या भाषणात एक श्रोता कुठेच नाही. त्या वेळी अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलामगिरीत होती. सुमारे ३,६०० शब्दांच्या भाषणात त्यांच्याविषयी बोलले गेले, त्यांच्याशी एकदाही नाही. काठावरच्या राज्यांना दिलेले अभय त्यांच्या स्वातंत्र्याच्या किमतीवर दिले होते. राज्यांतील गुलामगिरीला कायमचे संरक्षण देणाऱ्या प्रस्तावित घटनादुरुस्तीलाही लिंकन यांनी आपला आक्षेप नसल्याचे सांगितले.

१४/ ही वेदना सर्वांत तीव्रतेने मांडली फ्रेडरिक डग्लस यांनी. ते स्वतः गुलामगिरीत जन्मलेले आणि १८३८ मध्ये निसटलेले. हे भाषण दोन जिभांनी बोलणारे आहे, अशी टीका त्यांनी आपल्या मासिकात केली. समजूत घालण्याच्या कलेतला हा जुना पेच आहे: एकाचे मन वळवताना आपण दुसऱ्या कोणाचे काय देऊन टाकतो?

१५/ चार वर्षांनी, ४ मार्च १८६५ रोजी, लिंकन त्याच ठिकाणी पुन्हा उभे राहिले. तोवर लाखो माणसे मेली होती आणि १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा निघालेला होता. हे भाषण जेमतेम ७०० शब्दांचे. त्यात ना अभय, ना सवलत. युद्धाचे मूळ गुलामगिरीत होते हे स्पष्ट म्हटले आणि त्या पापात उत्तरेलाही वाटेकरी धरले. गर्दीत डग्लस उपस्थित होते. या वेळी त्यांनी लिंकन यांना भेटून मनापासून दाद दिली.

१६/ या संघर्षाचे पडसाद पुण्यापर्यंत पोहोचले. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. १८६१ च्या भाषणात ज्यांना स्थान नव्हते, त्यांची मुक्ती बारा वर्षांत येथील शूद्रातिशूद्रांच्या लढ्याला उदाहरण ठरली. म्हणून कोणतेही गाजलेले भाषण वाचताना दोन याद्या कराव्यात: ते कोणाशी बोलते, आणि कोणाविषयी बोलते. दुसऱ्या यादीतील माणसे पहिल्या यादीत कधी आली, हे शोधू लागलात की इतिहास हाती लागू लागतो.

धागा समाप्त. पुढच्या कोणत्या भाषणाविषयी वाचायला आवडेल, ते जरूर कळवा.