कर्मनाशाकाठची लोखंडाची भट्टी

कर्मनाशा : या नदीच्या पाण्याच्या स्पर्शाने पुण्य नष्ट होते, या समजुतीने काशीहून गयेला जाणारे यात्रेकरू बिचकत. तिच्यावरचा पूल बांधायला प्रथम नाना फडणवीसांनी घेतला होता, पण तो पुरा झाला १८३१च्या सुमारास, राजा पटनीमल यांच्या पैशातून. याच नदीकाठी, पूर्वी वाराणसी व आता चंदौली जिल्ह्यात असलेल्या मल्हार गावी राकेश तिवारी यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याच्या भट्ट्या, भात्याच्या मातीच्या नळ्या आणि धातुमळी सापडली. त्यांचा काळ इ.स.पू. १८००पर्यंत मागे जातो.

नदी उशाशी असली, तरी आपल्याकडच्या अशा लहान भट्ट्यांचा भाता पाण्याच्या जोरावर नव्हे, तर माणसाच्या हातापायांवर चाले. विंध्य व मध्य भारतातले लोखंड गाळणारे अगरिया लोक तर चामड्याच्या जोडभात्यांवर उभे राहून आळीपाळीने पाय दाबत. शुद्ध लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते, तेवढी धग या भट्टीत नसे. म्हणून रस न होता मळीने भरलेला सच्छिद्र गोळा निघे आणि तो घणाने ठोकून साफ करावा लागे. चीनमध्ये तू शी या अधिकाऱ्याने इ.स. ३१मध्ये भात्याला पाणचक्की जोडली. युरोपात हे तंत्र मध्ययुगात रुळले. तिथे न थकणाऱ्या वाऱ्यामुळे भट्टी उंच करता आली, लोखंडात कार्बन मुरून ते सुमारे १,१५० अंशांनाच वितळू लागले आणि बिडाचे ओतकाम सोपे झाले. — संपा.