निजामाचं तिकीट, आपल्या गावचं

पोखर्णी काय नि परभणी काय, आपल्या आजोबांच्या काळी इथे निजामाची टपाल तिकिटं चालायची. पहिलं निघालं १८६९ मध्ये. त्यांवरची उर्दू-फारसी अक्षरं बघून नवे संग्राहक ती थेट अरबस्तानच्या पानावर चिकटवतात! पण १९३१ चा संच बघा: आठ आण्यांवर अजिंठा, रुपयावर दौलताबादचा चाँद मिनार. हा तर आपला मराठवाडा! संस्थानाबाहेर मात्र ही तिकिटं चालत नसत. १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १९५० मध्ये त्याचं टपालही.

साधं सुटं तिकीट आज स्वस्तच मिळतं. पाकिटावर गावाचा शिक्का स्पष्ट असेल, तर मोल वाढतं. तेव्हा मंडळी, माळ्यावर जुनी पत्रं सापडली तर तिकिटं सोलू नका. आपलं गाव त्या शिक्क्यातच आहे.