पटावरचें साहस

खेळ हा इतिहासाचा विषय होऊं शकतो असें म्हटल्यास पुष्कळांना हसूं येईल. राजे, तह व लढाया हा इतिहास. पट आणि सोंगट्या ही करमणूक, अशी वांटणी आपण मनाशीं करून ठेविलेली असते. मींही तीस वर्षें वर्गांत तीच वांटणी पाळीत आलों. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या पुतण्यानें एक जुनी पेटी घरीं आणली आणि ही वांटणी किती कच्ची आहे हें माझ्या ध्यानांत आलें.

पेटींतील खेळाचें नांव ‘मॅजिक रेल्म’. रिचर्ड हॅम्ब्लेन यांनीं रचलेला हा खेळ अमेरिकेंतील बाल्टिमोरच्या ‘ॲव्हलॉन हिल’ या कंपनीनें इ. स. १९७९ मध्यें प्रसिद्ध केला. वीस षट्कोनी तुकडे जोडून दर डावाला नवी भूमि रचावयाची. योद्धा, मांत्रिक, यात्रिक अशा सोळा पात्रांतून एक आपलें म्हणून घ्यावयाचें. आणि राक्षसांनीं राखलेले खजिने शोधीत अठ्ठावीस दिवस हिंडावयाचें. ऐकावयास हें बालिश वाटतें. परंतु नियमांचें पुस्तक इतकें दाट कीं, १९८६ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति काढावी लागली. तें वाचण्यांतच आमचे दोन दिवस गेले. एका खेळाला एवढा ग्रंथ कशास हवा, असा प्रश्न मला पडला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां मी थेट प्रशियाच्या दरबारांत जाऊन पोंचलों.

१८०६ मध्यें येना येथें नेपोलियननें प्रशियाचा पराभव केला. पुढें १८१२ मध्यें ब्रेस्लाउ येथील राइसविट्झ नांवाच्या गृहस्थांनीं युद्धाचा एक खेळ रचून राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याला नजर केला. त्यांच्या मुलानें, एका तरुण तोफखाना-अधिकाऱ्यानें, त्यांत सुधारणा करून १८२४ मध्यें नियम छापले. त्यानें खरा नकाशा पुढें मांडला. दोन्ही पक्षांनीं आपापले हुकूम पंचाकडे द्यावयाचे. जें सैन्याला दिसलें असतें तेवढेंच पंच खेळाडूला दाखवी. आणि हानि किती झाली हें फांशांवरून ठरे. हा खेळ नव्हे, ही युद्धाची शाळा आहे, असा अभिप्राय सेनापति म्युफ्लिंग यांनीं दिला. शाळा टिकली, शिक्षक मात्र टिकला नाहीं. १८२७ मध्यें त्या तरुणानें आपल्या हातानें आपलें आयुष्य संपविलें.

पुढें नियम वाढत गेले, तसा त्यांचा जाचही वाढला. १८७६ मध्यें फेर्डी द्यु व्हेर्नोआ या सेनाधिकाऱ्यानें नियम बाजूस सारून सर्व भार अनुभवी पंचाच्या बुद्धीवर टाकावा असें सुचविलें. आपल्याकडील जुनी गोतसभा आणि आजची कचेरी यांतील भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यांतील मर्म सांगावयास नको. जेथें जाणता मनुष्य बसलेला असतो तेथें पोथी लहान असली तरी चालतें.

या पंचाच्या आसनावर कल्पना कधीं येऊन बसली? १९६९ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत डेव्हिड वेस्ली यांनीं एक डाव मांडला. त्यांत खेळाडूला सैन्य न देतां एका गांवांतील एकेका माणसाची भूमिका दिली. त्यांच्याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन यांनीं तीच युक्ति किल्ल्याखालच्या भुयारांत नेली. आणि गॅरी गायगॅक्स यांच्या सहकार्यानें १९७४ मध्यें ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. त्यांतील पंच हा अर्धा न्यायाधीश व अर्धा कीर्तनकार असतो: भुयाराच्या दाराआड काय आहे तें त्यालाच ठाऊक.

आतां माझ्या प्रश्नाचें उत्तर सरळ आहे. ‘मॅजिक रेल्म’मध्यें पंच नाहीं. पंचाच्या डोक्यांत जें सहज मावत होतें, म्हणजे राक्षस केव्हां जागा होतो, वार चुकवितां येतो कीं नाहीं, थकलेल्या योद्ध्याला विश्रांति किती हवी, तें सारें छापील शब्दांत उतरवावें लागलें. ही क्लिष्टता म्हणजे अनुपस्थित माणसाची किंमत होय.

परंतु या खेळांतील ज्या एका नियमानें मला अस्वस्थ केलें तो मुळींच क्लिष्ट नाहीं. डाव सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्याला काय मिळवावयाचें आहे तें लिहून ठेवावयाचें. पांच गुण असतात; ते खजिना, मंत्रविद्या, कीर्ति, दरारा व सोनें यांत हवे तसे वांटावे. एका गुणाला सोनें तीस लागतें, कीर्ति दहा. पुतण्यानें क्षणांत लिहिलें. मी पेन्सिल हातांत धरून बसून राहिलों.

“काका, काय हवें तें आधीं ठरवा, मग वाट,” तो म्हणाला.

आपल्या घरांतील मोक्षपटावर हा प्रश्न उद्भवतच नाहीं. परंपरेनें ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशीं जोडला आहे त्या पटावर ध्येय एकच, आणि तें सर्वांना सारखें. सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप पूर्वजांनीं आंखून ठेवलेले. आपण केवळ दान टाकावयाचें. ती एक मोठी निश्चिंतता होती. नव्या पटानें ती काढून घेतली आणि निवडीचें ओझें खेळाडूच्या शिरावर ठेवलें.

शेवटीं मीं कीर्तीला तीन, विद्येला दोन गुण दिले. अठ्ठाविसाव्या दिवशीं माझ्यापाशीं सोनें बरेंच जमलें होतें. कीर्ति थोडी, मंत्र एकच. नियमानें मी हरलों; न मागितलेल्या सोन्यानें ती तूट भरून येत नाहीं.

पुतण्या पट आवरीत असतां मी माझ्या लिहिलेल्या त्या ओळीकडे पाहत होतों. तीस वर्षांत मला पुष्कळ कांहीं मिळालें. त्यांतील किती मीं मागितलें होतें? निवृत्तीला आतां फार वर्षें उरलेलीं नाहींत. तो कागद मीं टाकून दिला नाहीं; टेबलाच्या खणांत ठेविला आहे.