आशियाई महिला फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा, २०२२
आशियाई देशांच्या राष्ट्रीय महिला संघांची स्पर्धा. प्रारंभ १९७५, हाँगकाँग. पहिला विजेता मात्र आशियाबाहेरचा, न्यूझीलंड. २०२२ मध्ये १२ संघ मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे खेळले. कोरोनाबाधित खेळाडूंमुळे यजमान भारताला गटातच माघार घ्यावी लागली. खरी चुरस पाहिली ती पुण्यातील बालेवाडीने. तेथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात ३० जानेवारीला फिलिपीन्सने चिनी तैपेईला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून प्रथमच विश्वचषकात प्रवेश मिळवला. ३ फेब्रुवारीला उपांत्य सामन्यात गतविजेत्या जपानने चीनविरुद्ध दोनदा आघाडी घेतली. ११९व्या मिनिटाला चीनच्या वांग शानशानने २–२ बरोबरी साधली आणि शूटआउट चीनने ४–३ असा जिंकला. अंतिम सामन्यात दोन गोलांनी मागे पडूनही चीनने दक्षिण कोरियाला ३–२ असे हरवले.